वहिनींची वीत

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या लांब भिंतीवर दहा उभे पट्टे आहेत. भिंत फिकट पिवळी, पट्टे पिस्त्याच्या रंगाचे, छतापासून थेट जमिनीपर्यंत. नवीन माणूस आला की आधी म्हणतो, वा, छान दिसतंय. मग चहा होतो, गप्पा होतात, आणि कप खाली ठेवताना तो मान जरा वाकडी करून विचारतो, उजवीकडचे पट्टे बारीक का हो केलेत? पूर्वी मी सांगायचे, हौस म्हणून. आता खरं काय ते सांगते. ज्याला घाई असेल त्याने खुशाल उठावं.

पट्टे मारले माझ्या वहिनींनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी त्याची धाकटी बहीण. माझं लग्न झालं आणि मोडलं, ते इथे उगाळत बसत नाही. परत आले तेव्हा वहिनी या घरात नव्या होत्या. त्यांनी कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून मला दिला, आणि का आलात, किती दिवस राहणार, हे बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी विचारलं असतं. मी तशीच आहे. माझ्या पोटात काही राहत नाही, मनात आलं की ओठावर येतं, आणि त्याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता. गोड बोलून गळा कापणाऱ्यांतली मी नाही, असं मी चारचौघांत सांगायचे.

दुकान आमच्या वडिलांचं. लेस, रिबिनी, इलॅस्टिक, बटणं, हूक, दोरे. इतकं चिंचोळं की दोन बायका एकमेकींना ओलांडून जायच्या तर एकीने पोट आत घ्यावं लागतं. दादाने त्यात कधी लक्ष घातलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला लेस आणि नाडी यातला फरक आजही कळत नाही. दुकान चालवलं आम्ही दोघींनी. हिशोब आणि भांडण माझ्याकडे, माल आणि माप वहिनींकडे.

गल्ल्याच्या फळीला पितळी गज ठोकलेला आहे, बरोबर एक मीटरचा. वहिनी त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. त्या विती टाकत मोजायच्या. अंगठा टेकवला, करंगळी ताणली, एक. पाच विती म्हणजे मीटर. बोलता बोलता, दुसऱ्या गिऱ्हाइकाला बटणं दाखवता दाखवता हात आपला लेसवरून सुरवंटासारखा चालत जायचा आणि बरोबर जागी थांबायचा. एकदा एका खवचट बाईने पैज लावली. वीस मीटर रिबीन वितीने मोजवली आणि मग गजावर घालून पाहिली. बोटभर जास्त भरली. तेव्हापासून आमच्या गल्लीत म्हणायचे, एक वेळ गज खोटा पडेल, वहिनींची वीत नाही पडणार.

घरीही तेच. पडदे वितीने, टेबल वितीने, चादर वितीने. एका दुपारी दादा सतरंजीवर घोरत पडला होता, तर वहिनींनी त्याला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजला. तो जागा झाल्यावर म्हणाल्या, साडेआठ भरलात, बाजारात एवढी रुंदी मिळत नाही. दादा आठवडाभर चिडला होता. त्या फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की असं.

तर ती भिंत. तिच्यापुढे आमचं जुनं लाकडी कपाट असायचं. वाळवी लागली म्हणून ते काढलं आणि भिंत एकदम उघडी पडली. नुसती लांबच लांब. वहिनी दोन दिवस तिच्यापुढे उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या कोपऱ्यातून विती टाकायला सुरुवात केली आणि उजव्या कोपऱ्यात पोचल्यावर वळून म्हणाल्या, बरोबर वीस. दहा पट्टे रंगाचे, दहा मोकळे. रिबिनींचा खोका उघडल्यासारखं दिसेल.

दादा म्हणाला, कर काय हवं ते, मला बोलावू नकोस, मी दिवसभर भिंतीच बघतो. मी म्हणाले, नसता उद्योग. पण दोरी धरायला उभी राहिले.

जानेवारीतल्या एका रविवारी पहिला पट्टा झाला. रंगाच्या दुकानातल्या माणसाने वहिनींना सगळं समजावून दिलं होतं आणि त्यांनी ते तंतोतंत लक्षात ठेवलं होतं. आधी वर आणि खाली वीत टाकून पेन्सिलीची खूण. मग खडूची पूड लावलेली दोरी, वरचं टोक स्टुलावर चढलेल्या वहिनींच्या हातात, खालचं माझ्या. मध्ये दोरी ओढून सोडली की टप्प आवाज होतो आणि भिंतीवर रेघ उमटते. रेघेच्या बाहेरून चिकटपट्टी. आणि मग खरी युक्ती. हिरवा रंग लगेच लावायचा नाही. चिकटपट्टीच्या कडेवर आधी भिंतीचाच पिवळा फिरवायचा. पट्टीखाली जिथे जिथे फट असेल तिथे पिवळाच शिरतो आणि फट बुजते. तो वाळला की वरून हिरवा. हिरव्याचे दोन हात झाले की रंग ओला असतानाच पट्टी तिरकी ओढून काढायची. थांबलात तर खपल्या निघतात.

वहिनींनी पट्टी ओढली आणि कड अशी निघाली की कात्रीने कापलेली वाटावी. त्या स्टुलावर बसून हसत राहिल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी वाकून पट्ट्याच्या तळाशी, अगदी जमिनीलगत, बारीक पेन्सिलीने तारीख लिहिली. दुकानात नवं रिबिनीचं रीळ उघडलं की त्याच्या पुठ्ठ्यावर त्या तारीख टाकायच्या, तीच सवय.

दुकानाला सुट्टी रविवारी, त्यामुळे एका रविवारी एक पट्टा. तोही दर रविवारी नाही. कधी पाहुणे, कधी माल लावायचा, कधी वहिनी म्हणायच्या, आज बोटं जरा जड वाटतात. मी म्हणायचे, कामाच्या वेळी बरी जड होतात. मे महिना आला तरी पाचच पट्टे झाले होते.

मे महिन्यातच पहिली तक्रार आली. एक बाई लहान मुलींचे फ्रॉक शिवून दुकानांना पुरवायच्या. आम्ही त्यांना फ्रॉकवाल्या बाईच म्हणतो. वीस-वीस मीटर लेस न्यायच्या, आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, वहिनी, मीटरभर कमी भरली हो. वहिनींनी ती लेस परत मोजली. शंभर विती, म्हणजे वीस मीटर. बरोबर होती. तरी त्यांनी वरून मीटरभर कापून दिली आणि चहा मागवला. मला ते आवडलं नाही. बरोबर असेल तर द्यायची कशाला, असं मी गिऱ्हाईक गेल्यावर बोलले. वहिनी म्हणाल्या, असू दे, त्यांचं काही चुकलं असेल.

जूनमध्ये त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांचा चेहरा पडलेला होता. भांडखोर बाई नाही ती, उलट तिलाच चोरी केल्यासारखं वाटत होतं. दुकानात आणखी तीन-चार बायका होत्या. बाईंनी पितळी गजावर लेस घातली, एकेक मीटर बोटाने दाबत, सगळ्यांसमोर. साडेअठरा. वहिनींनी लेस ओढून घेतली आणि विती टाकल्या. शंभर. पुन्हा टाकल्या. पुन्हा शंभर. सगळ्या वहिनींच्या हाताकडे बघत होत्या आणि मग एकमेकींकडे.

माझं डोकं फिरलं. वडिलांचं दुकान, इतक्या वर्षांचं नाव, आणि आपलंच नाणं खोटं निघावं. शिवाय माझ्या डोक्यात कुठेतरी हेही होतं की रंगाचे डबे, ब्रश, चिकटपट्ट्यांची रिळं, हे सगळं येतंय कुठून? मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

“वहिनी, भिंत रंगवायला लोकांची लेस कापायला लागलात का?”

मागे उभी असलेली एकजण फिसकन हसली. वहिनींनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं तोंड थोडं उघडलं आणि मिटलं. मी वाट पाहिली. नाही म्हणतील, रागावतील, रडतील. काहीच नाही. न बोलणं म्हणजे कबुलीच, असा मी त्याचा अर्थ लावला. मी गजाने दीड मीटर मोजून बाईंना दिली, माफी मागितली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की उद्यापासून माप माझ्याकडे.

रंगाचे पैसे दादाने दिले होते, हे मला महिन्याभराने कळलं. त्याने सहज सांगितलं, जेवताना. मी मान खाली घालून जेवत राहिले. पण लेस कमी भरली होती हे तर खरंच होतं ना, अशी मी माझी समजूत काढली.

वहिनींना मी बटणांवर बसवलं. तिथेही त्या बटणं पाडायच्या. डबी उघडली की निम्मी खाली. मला वाटायचं, रुसल्यात, मुद्दाम करतात. मी वाकून बटणं गोळा करायचे आणि पुटपुटायचे, आणि त्या ऐकून घ्यायच्या. घरी दादाला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही. घरात सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं, फक्त वहिनी आता काही वितीने मोजत नव्हत्या. कपडा हातात घेतला की त्यांचा हात उघडायचा आणि लगेच मिटायचा.

भिंतीवर मात्र त्या वीतच टाकत राहिल्या. तिथे कोणाचं नुकसान नव्हतं म्हणून असेल. दुकानातल्या त्या प्रकारानंतरच्या रविवारी त्या दोरी घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हणाले, डोकं दुखतंय, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांनी दोरीच्या खालच्या टोकाला दुकानाचं जुनं लोखंडी कुलूप बांधलं आणि ते हलायचं थांबेपर्यंत वाट बघत बसल्या. मग टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्प. आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं. उठून दोरी धरायला दोन पावलंही नव्हती.

सातवा, आठवा, नववा पट्टा त्यांनी असेच एकटीने मारले. सप्टेंबरात दहावा झाला. दादा त्या दिवशी घरी होता. शेवटची चिकटपट्टी निघाली, त्याच्या पुढची मोकळी जागा वहिनींनी वीत टाकून मोजली, आणि तिथे भिंत संपायला हवी होती ती संपली नाही. कोपऱ्यापर्यंत चांगली फूटभर भिंत शिल्लक राहिली. दहा आणि दहा वीस झाले, आणि तरी भिंत उरली.

दादा हसत सुटला. म्हणाला, काय गं, भिंत वाढली की काय आपली? मी दारात उभी होते. मी म्हणाले, दुकानात माप कमी पडतं आणि घरात भिंत उरते, तुमचं गणितच निराळं आहे, वहिनी. इतकं जवळ जाऊन मला काही कळलं नाही. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

वहिनी म्हणाल्या, पहिल्यांदा मोजतानाच चुकले असेन. आणि तेवढ्यात त्यांच्या हातातून ब्रश निसटला. फरशीवर हिरवा सडा. मी फडकं आणायला वळले, बडबडतच. दादाने ब्रश उचलून त्यांच्या हातात दिला. तो पुन्हा पडला. त्याने पुन्हा दिला आणि या वेळी त्यांची बोटं आपल्या हाताने ब्रशभोवती मिटवली, तर ती मिटलेली राहिनात. माझा भाऊ मशिनरीतला माणूस. एखादा भाग झिजलेला त्याला न सांगता दिसतो. त्याने वहिनींचा तळवा उजेडात उलटसुलट करून पाहिला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग बसून गेला होता, तिथे खळगा झाला होता. डाव्या हाताला तसं नव्हतं. दादा म्हणाला, हे कधीपासून? वहिनी म्हणाल्या, काय कधीपासून?

डॉक्टरांनीही तेच विचारलं. बऱ्याच तपासण्या झाल्या, हातात सुया टोचून झाल्या, आणि त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं. शिरांकडून स्नायूंना निरोप जायचा बंद होतो म्हणाले. हातापासून सुरू होतं, मग बाकीचं. दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. किती वेगाने वाढतंय ते कळलं तर पुढचा अंदाज बांधता येईल, कधी सुरू झालं ते आठवून सांगा. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. तीन माणसं एका घरात राहतो, एका ताटलीतलं खातो, आणि तिघांनाही सांगता येईना. वहिनी ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, मला खरंच कळलं नाही हो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. वहिनी आत झोपल्या होत्या, दादा कामावर. उरलेली भिंत डोळ्यांत खुपत होती आणि डब्यातला रंग साय धरायला लागला होता. म्हटलं, तेवढा एक पट्टा आपण मारून टाकू, वहिनींना बरं वाटेल. किती रुंद करायचा ते बघावं म्हणून दुकानातली मापाची टेप आणली आणि पहिल्या पट्ट्याला लावली. वीस सेंटिमीटर. जवळचा म्हणून शेवटचा मोजला. सोळा.

मला वाटलं, टेप घसरली. परत लावली. सोळा. मग मी डावीकडून एकेक मोजत निघाले. वीस, वीस, वीस. चौथा साडेएकोणीस. पाचवा एकोणीस. सहावा साडेअठरा. साडेअठरा या आकड्याला माझा हात थांबला. हा आकडा मी ऐकला होता. चारचौघींसमोर, पितळी गजावर.

मी गुडघ्यांवर बसले आणि तळाच्या तारखा वाचल्या. चौथा पट्टा एप्रिलमधला. पहिल्या तक्रारीच्याही आधीचा. सहावा जूनमधला, फ्रॉकवाल्या बाई दुसऱ्यांदा आल्या त्याच आठवड्यातला. पुढे साडेसतरा, सतरा, साडेसोळा, सोळा, शेवटी शेवटी तारखेची अक्षरंसुद्धा वाकडीतिकडी. वीत लहान होत गेली होती. वहिनींनी आपला हात जेवढा ताणला जात होता तेवढा ताणला होता, आणि तेवढ्यालाच वीत म्हटलं होतं, कारण आयुष्यभर तेवढ्यालाच म्हणत आल्या होत्या. शंभर विती म्हणजे वीस मीटर, मोजून शंभर भरल्या, मग कमी कसे? लेस कमी पडली ती त्यामुळेच, भिंत उरली तीही त्यामुळेच. आणि आम्ही तिघं त्या पट्ट्यांसमोर रोज जेवत होतो. शेजारचा पट्टा शेजारच्यासारखाच दिसतो, त्यामुळे कोणालाच काही दिसलं नाही.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. आवाज होऊ नये म्हणून तोंडात ओढणी कोंबली. चोर नव्हत्या त्या. आजारी होत्या. आणि मी त्यांना भर दुकानात चोर म्हटलं होतं, आणि वर बटणं वेचताना रोज ऐकवलं होतं.

रिबिनीच्या एका पुठ्ठ्यावर मी एका बाजूला तारखा आणि एका बाजूला रुंदी असं लिहून डॉक्टरांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा काढून तो पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला. हे कोणी मोजलं, म्हणाले. मी म्हटलं, वहिनींनीच. मग त्यांनी दादाला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. परत येताना दादा लिफ्टने खाली आला नाही, पाच मजले जिन्याने उतरला.

आता सरळ जाऊन माफी मागायची की नाही? दुसऱ्याला फाडफाड बोलणारी माझी जीभ, त्या दोन शब्दांच्या वेळी टाळ्याला चिकटली. आज सांगू म्हणायचे आणि रात्र व्हायची. मनाला सांगायचे, त्या विसरल्या असतील. कधी सांगायचे, त्यांना कळलंच असेल की आता, आजार कळला म्हणजे सगळं कळलं. त्या कधी त्या दिवसाचा विषय काढत नव्हत्या. मी हाताने काय ते फेडत होते. भरवत होते, वेणी घालत होते, ब्लाउजची बटणं लावून देत होते. डावा हात गेला, मग पाय जड झाले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून त्यांना बसवायचो. समोर ती भिंत. उरलेला तुकडा तसाच पिवळा राहिला, त्याला हात लावायची माझी छाती झाली नाही.

फेब्रुवारीत त्यांचं बोलणं अडखळायला लागलं. एकेक शब्द चिखलातून पाय काढल्यासारखा निघायचा. तेव्हा मी घाबरले. उद्या त्यांना उत्तर देता आलं नाही तर माफी मागून तरी काय उपयोग? आणि मग मला हेही पटलं की अपमान जिच्यासमोर केला तिच्यासमोरच तो मागे घ्यायला हवा. मी फ्रॉकवाल्या बाईंकडे गेले. म्हटलं, घरी चला, तुम्हाला एक माप घ्यायचंय.

बाई आल्या. मी त्यांच्या हातात टेप दिली आणि म्हटलं, डावीकडून मोजा. त्या शिवणाऱ्या बाई, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सहाव्या पट्ट्यापाशी त्या खाली वाकल्या, तारीख वाचली, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. पुढचे चार त्यांनी मोजले पण आकडे तोंडाने म्हटले नाहीत. मग त्या वहिनींच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या आणि तो वाळलेला उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. म्हणाल्या, वहिनी, मी बाहेर दोन-तीन जणींजवळ बोलले होते, त्यांच्याकडे आजच जाऊन येते.

आता माझी पाळी होती. दादा दारात उभा होता. मी खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हणाले,

“वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला चोर म्हटलं. माझं चुकलं. तुमचं माप खोटं नव्हतं, तुमचा हात आजारी होता.”

मला वाटलं होतं, त्या मान हलवतील. जाऊ द्या वन्सं, असं काहीतरी म्हणतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कपाळावर आठी पडली, एखादं अवघड गणित सोडवताना पडते तशी. मग ओठ हलायला लागले. मी खाली वाकले, कान जवळ नेला.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. “मी चोरत नव्हते?”

त्या विचारत होत्या. जून ते फेब्रुवारी, आठ महिने, त्या मनाशी हेच विचारत बसल्या होत्या. तुटक तुटक शब्दांत त्यांनी सांगितलं की त्यांना वाटलं, वाईट सवय हाताला लागली असेल, आपल्या नकळत. रोज निजताना त्या आठवून बघायच्या, आपण कापताना लेस कुठे आखूड धरली का. आठवायचं नाही. म्हणून आणखी भीती वाटायची. आजाराचं कळल्यावरही त्यांनी दोन्ही गोष्टी वेगळ्याच ठेवल्या होत्या. आजार हा आजार, आणि चोरी ही चोरी. किंबहुना चोरीचंच हे फळ असेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

मी म्हटलं, अहो, मग त्याच वेळी तोंडावर ‘नाही’ असं का म्हणाला नाहीत? भांडायचं होतं माझ्याशी.

वहिनी थोडं हसल्या. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू तेव्हा हसू शकत होती.

“तुम्ही फटकळ आहात, वन्सं. पण खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणालात, म्हणजे असेल.”

दादा दारातून निघून गेला. फ्रॉकवाल्या बाई मान खाली घालून वहिनींचा हात चोळत राहिल्या. मी म्हटलं, नव्हता चोरत, वहिनी. देवाशपथ नव्हता चोरत. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना त्यांनी पुन्हा विचारलं, नव्हते ना? मी म्हटलं, नव्हता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. एका वाक्याने जे आत गेलं होतं ते एका वाक्याने बाहेर येईना. कधी सकाळी विचारायच्या, कधी घास तोंडात असताना. मी कंटाळले नाही, चिडले नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. एप्रिलच्या शेवटी बोलणं पूर्ण गेलं. मग त्या भिंतीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे, आणि मी म्हणायचे, नव्हता, वहिनी. पुढे पुढे मानही वळेना, तेव्हा मी न विचारताच सांगायचे, रोज सकाळी, केस विंचरताना, कानाशी तोंड नेऊन. डिसेंबरात त्या गेल्या, त्या सकाळीही सांगितलं होतं. ऐकून त्या पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या. त्यांना पटलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.